पहिला पाय कुठे ठेवावा

एका जंगलात, बाळांनो, सिंह नव्हता. त्यामुळे तिथली कामं वेळेवर होत नसत. सिंह असलेल्या जंगलांतही होत नाहीत, पण तिथे तसं म्हणता येत नाही.

त्या जंगलात भिवाजी नावाचा एक साळिंदर राहत असे. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको वारली. तेव्हापासून त्याची दुपार संपता संपत नसे. शेजारी म्हणाले, "मन रमवा." कसं रमवायचं, हे शेजारी कधी सांगत नाहीत.

भिवाजीने एक खेळ मांडायचं ठरवलं.

हा खेळ असा असतो. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं. सूत्रधार सांगतो की तुमच्या समोर अमुक आहे. तुम्ही सांगायचं की मग मी तमुक करतो. ते जमलं की फसलं, हे फासा सांगतो. भिवाजीचा खेळ त्यातही मोकळ्या रानाचा होता. कुठे भटकायचं, कुणाशी लढायचं, हे सगळं खेळणाऱ्यांनीच ठरवायचं. पहिला पाय कोणत्या प्रदेशात ठेवणार, तेवढं मात्र आधी सांगायचं.

अर्जुनाच्या झाडाची एक मोठी साल खाली पडली होती. भिवाजीने तिच्यावर आपल्याच काट्याने नकाशा कोरला. वर बर्फाचा डोंगर आणि त्यात आग ओकणारा सर्प. मध्ये राजधानी. खाली ओसाड खोरं आणि त्यात वाळूत गाडलेलं देऊळ. मग बेहड्याची बी कुरतडून त्याने वीस बाजूंचा फासा केला.

खेळायला तिघे आले. रानडुक्कर खंडेराव सकाळीच एक वारूळ आडवं करून आला होता. त्याने नाजूक प्रकृतीच्या राजकन्येचं सोंग घेतलं. कासव आप्पांनी वाऱ्यासारखा धावणारा दूत निवडला. वानरीण चंपाक्काने मौनी साधूचं सोंग घेतलं आणि त्याबद्दल ती दुपारभर बोलली.

"राजधानीतून सुरू करू," चंपाक्का म्हणाली. "तिथे बाजार आहे."

"बाजारात धूळ असते. माझ्या राजकन्येला सोसत नाही," खंडेराव म्हणाला. त्याच्या नाकावरचा चिखल अजून ओला होता.

"मग डोंगर घ्या."

"डोंगरात पहिल्याच दिवशी मरू," आप्पा म्हणाले. "आणि खोऱ्यात पाणी आहे का, ते कळल्याशिवाय मी हलणार नाही."

"अहो आप्पा, तुम्ही वाऱ्यासारखे दूत आहात ना?"

"दूतालाही तहान लागते, पोरी."

त्या जंगलात मतदान होत नसे. मतदानात कुणीतरी हरतो, आणि हरणाऱ्याला सुळे असू शकतात. म्हणून सगळं एकमताने. भिवाजीने खायला करांदे पुढे केले. ते संपले, एकमत झालं नाही. "उद्या बघू," म्हणून तिघे उठले.

उद्याही तेच झालं. पाचव्या दुपारी प्रदेशनिवडीसाठी उपसमिती नेमली. तिच्यात तेच तिघे होते. उपसमितीने समितीकडे मुदतवाढ मागितली, आणि समितीने मोठ्या मनाने ती दिली.

आठव्या दुपारी भलतंच घडलं. खोऱ्यावर तिघांचं जवळजवळ एकमत झालं.

"उद्या नक्की करून टाकू," खंडेराव जाताना म्हणाला.

भिवाजीला आनंद व्हायला हवा होता. पण पलीकडच्या रानात असे दोन खेळ सुरू झालेले त्याने पाहिले होते. पहिल्या बैठकीला सगळे येतात. दुसऱ्या बैठकीला एकाकडे पाहुणे येतात, एकाचं पोट दुखतं. तिसऱ्या बैठकीला सूत्रधार नकाशापुढे एकटाच बसतो.

भिवाजीला ती तिसरी बैठक नको होती.

दुसऱ्या दिवशी नकाशाच्या पूर्वेला एक बेट दिसलं.

"हे काल नव्हतं!" चंपाक्का म्हणाली.

"कोरायचं राहून गेलं होतं," भिवाजी म्हणाला. खोटं बोलताना साळिंदराचे काटे उभे राहतात. त्याने ते पाठ खाजवून झाकले.

"बेटावर काय आहे?" तिघांनी एकदम विचारलं.

झालं. पुन्हा पहिल्यापासून चर्चा.

मग एकमत जवळ आलं की नकाशावर काहीतरी उगवू लागलं. एक बंदर. एक दलदल. घुबडांचं एक राज्य, जिथे राणी दिवसा कुणाला भेटत नाही. दलदलीच्या प्रश्नावर तर खंडेराव आणि चंपाक्का दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. न बोलता भांडण करता यावं म्हणून ते दोघेही रोज वेळेवर येत.

पण साल किती मोठी असणार? एके दिवशी ती भरली. मुंगीचं वारूळ कोरायलाही जागा उरली नाही. आणि त्याच दुपारी चंपाक्का म्हणाली, "खोरं." खंडेराव म्हणाला, "खोरं." आप्पांनी मान बाहेर काढली आणि तेही म्हणाले, "खोरं."

"ठरलं एकदाचं!" खंडेरावाने जमिनीवर खूर आपटला. "आण तो फासा, भिवा!"

भिवाजीने फासा काढला. पुढे करायच्या आधी त्याचा पंजा सालीच्या कडेवरून हळूच फिरला. कुठे बोटभर जागा सापडते का, ते तो चाचपत होता.

आप्पांनी ते पाहिलं. कासवं हळू चालतात, त्यामुळे त्यांना सगळं दिसतं. जुन्या रेघा काळ्या पडल्या होत्या. बेट, बंदर, दलदल आणि घुबडांचं राज्य अजून ताजं लालसर होतं. आप्पा थोडा वेळ भिवाजीकडे पाहत राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "खोऱ्यात शिरायचं ते कोणत्या खिंडीने? वरच्या की मावळतीच्या?"

"पुरे की हो आप्पा, आता..." चंपाक्का म्हणू लागली. आप्पांनी तिच्या शेपटीवर पाय ठेवला. कासवाचा पाय जड असतो.

"आई गं!" तिने आप्पांकडे पाहिलं, मग भिवाजीकडे पाहिलं. मग शेपूट आवरून घेत म्हणाली, "मावळतीच्या. दुसरीकडून मी येणारच नाही."

"मावळतीच्या? मी मेलो तरी नाही!" खंडेराव गरजला. त्याच्या शेपटीवर कुणीही पाय ठेवला नव्हता. तो हे मनापासून म्हणत होता.

भिवाजीने फासा मागे घेतला. "करांदे आणतो," म्हणून तो बिळात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर तिघे तावातावाने भांडत होते. आत सगळं नीट ऐकू येत होतं.

तात्पर्य: पाऊल टाकण्याआधी पूर्ण विचार करावा, आणि तो कधीच पूर्ण होऊ देणार नाहीत असे सोबती निवडावेत.