साहेबांच्या गव्हाचं वाळवण

साहेबांचा गहू तपासनिसाने घरी आणून अंगणात वाळत घातला, हीच पहिली चूक. पण बियाणं तपासायच्या कचेरीतला वाळवणीचा पंखा बंद पडला होता, त्याला तो बिचारा काय करणार? साहेबांनी हयात घालवून तयार केलेल्या नव्या वाणाचा तेवढाच गहू होता. त्याला काही झालं असतं, तर तपासनिसाची नोकरीही गेलीच म्हणून समजा.

मुंग्या येतील, असं बायको म्हणाली होती. म्हणून त्याने खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, वर चादर अंथरली, तीवर गहू पसरला आणि खुशाल जेवायला गेला. चादरीचं एक टोक जमिनीला टेकलेलं होतं, तेवढं बघायचं राहिलं. जेवून आला तर चादर लख्ख. शेवटचा दाणा तोंडात धरून एक मुंगी कुंपणाजवळच्या बिळाकडे निघाली होती.

रागाच्या भरात त्याने बिळात बादलीभर पाणी ओतलं. बायकोने कपाळाला हात लावला.

"अहो, होता तो गहूही भिजवलात."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि बघतो तर काय, मुंग्यांनी सगळा गहू बिळाबाहेर आणून वाळत घातलेला! वाळवण त्याच्यापेक्षा बरंच नीटनेटकं होतं. त्याने मुंग्यांना हात जोडले, गहू डब्यात भरला आणि कचेरी गाठली.

त्यातले मूठभर दाणे त्याने ओल्या कागदावर मांडून ठेवले. कितीही वाट पाहिली तरी एकही उगवेना. शेवटी भिंग लावलं, तेव्हा उलगडा झाला. कोंब जिथून फुटतो तेवढंच टोक मुंग्यांनी दाण्यादाण्याचं कुरतडलं होतं. साठवलेलं धान्य बिळात उगवलं, तर त्यांनी खायचं काय?

तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, एकही दाणा उगवला नाही."

"एकही नाही? इतकी ओल मिळूनही?"

"नाही, साहेब."

साहेबांचे डोळे भरून आले. कापणीच्या तोंडावर पाऊस आला की ओंबीतच गव्हाला कोंब फुटतात आणि पीक वाया जातं. ओलीला न भुलणारा गहू त्यांना हवा होता. आज तो मिळाला, असं म्हणून त्यांनी तपासनिसाला मिठीच मारली.

"साहेब, त्या मुंग्या..."

"हो, हो, मुंग्यांपासून जपा याला. आता याची पेरणी तुमच्याच हातून करायची."

घरी पोचताच बायकोने दारातच विचारलं, "काय झालं? नोकरी राहिली ना?"

तो चपला काढत म्हणाला, "पेरणीपर्यंत आहे."