शोरूममधलं खरं टॉयलेट

ग्राहकाला काय हवंय ते त्याच्या आधी मला कळतं. ही बढाई नाही. कमोड, बेसिन, नळ आणि फरश्या विकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. माणूस दारातून आत आला की नुसत्या चालण्यावरून मी सांगतो, हा शॉवर बघायला आलाय की आमच्या एसीत बसायला.

एकच गोष्ट मला कळली नव्हती, ती बायकोने सांगितली. ती दुकानाच्या गल्ल्यावर बसते.

"अहो, लोक बघता बघता अर्ध्यातून का निघून जातात, माहितीये?"

"भाव ऐकून."

"भाव ऐकेपर्यंत थांबतच नाहीत. दोन तास फरश्या निवडायच्या म्हणजे माणसाला मध्ये एकदा तरी जावं लागतं. जाणार कुठे? दुकान बाथरूमचं आणि दुकानात बाथरूम नाही."

तसं अगदीच नव्हतं असं नाही. गोदामाच्या मागे एक संडास होता. खोक्यांच्या दोन ढिगांमधून आडवं होऊन तिथे पोचावं लागे. आतला दिवा गेलेला. कडीच्या जागी सुतळी होती आणि बसणाऱ्याने ती शेवटपर्यंत हातात घट्ट धरून ठेवायची असा रिवाज होता. ग्राहकाने विचारलंच तर आम्ही त्याला रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर पाठवायचो. तो बिचारा जायचा आणि तिथूनच परस्पर घर गाठायचा.

धंदा इतका बसला होता की कंपनीचा माणूस येऊन गोड आवाजात सांगून गेला, या हंगामात एखादी मोठी ऑर्डर दिसली नाही तर एजन्सी दुसऱ्याला देऊ. एजन्सी गेली की दुकान गेलं. दुकान गेलं की मला मेहुण्याच्या गोदामात नोकरी धरावी लागणार आणि त्याला 'साहेब' म्हणावं लागणार. ज्याच्या लग्नात मी त्याचे पळवलेले बूट शोधत हिंडलो होतो, त्याला साहेब! माझी झोप उडाली.

मग मी कामाला लागलो. आमच्या शोरूममध्ये मागच्या भिंतीला लागून सहा नमुन्याची बाथरूमं ओळीने मांडलेली आहेत. प्रत्येकाला दार, आत कमोड, बेसिन, आरसा, सगळं जागच्या जागी. फक्त पाणी नाही, कारण ती दाखवायची. त्याच ओळीत मी सातवं बांधलं आणि त्याला पाणी जोडलं. कंपनीचं सगळ्यात महाग मॉडेल बसवलं. सेन्सरवाला फ्लश. माणूस उठला की आपोआप पाणी सुटतं, हात लावायला नको. दारही बाकीच्या सहांसारखंच, गुळगुळीत, चुंबकावर बसणारं.

"कडी?" बायकोने विचारलं.

"कडी लावली की सरकारी कचेरी वाटते."

"मग निदान पाटी तरी."

"पाटीने शोभा जाते. कुणी विचारलं तर सांगायचं, शेवटचं दार. संपलं."

संपलं कुठलं, तिथूनच सुरू झालं. आमच्या दुकानाला दोन दारं आहेत, एक रस्त्याकडे आणि एक पार्किंगकडे. रस्त्याकडून आलेल्याला जे शेवटचं, ते पार्किंगकडून आलेल्याला पहिलं. हे बांधताना माझ्या लक्षात यायला हरकत नव्हती, पण आलं नाही. पहिल्याच दिवशी एक जाडजूड गृहस्थ पार्किंगच्या दाराने आले, "शेवटचं ना?" म्हणून विचारून गेले आणि बऱ्याच वेळाने एक नंबरमधून तोंड बाहेर काढून म्हणाले, "पाणी कधी येतं इकडे?"

झाडूपुशीला येणाऱ्या मावशी बादली घेऊन धावल्या आणि त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

उलटाही घोळ व्हायचा. एक नवं जोडपं एकेक दार उघडून बघत बघत सातपर्यंत गेलं. आत बँकेतल्या एक बाई होत्या. नवरा दारातूनच बायकोला म्हणाला, "हा रंग चांगला आहे ना गं?" बाई कपाळाला हात लावून बसून राहिल्या. नंतर ते दोघं गल्ल्यावर येऊन म्हणाले की सात नंबरची तुमची सेल्सगर्ल काही माहितीच देत नाही.

मावशींना मी बजावलं, "मावशी, जरा लक्ष द्या. सगळं टापटीप आणि एकसारखं दिसलं पाहिजे."

मावशी कामाला पक्क्या. एकसारखं म्हटल्यावर त्यांनी साती बाथरूमांत साबण ठेवला, टॉवेल टांगले, कागदाचे रोल लावले, फिनेल मारलं आणि फरशीसुद्धा जराशी ओली ठेवली. आता खरं कुठलं आणि दाखवायचं कुठलं, हे मलाही आत जाऊन नळ सोडल्याशिवाय कळेना. एकदा तर मी स्वतः चार नंबरमध्ये शिरलो होतो. ते जाऊ दे.

"पाटी लावा," बायको म्हणाली.

"लावतो. उद्या हॉटेलवाल्या बाई येऊन जाऊ देत. त्यांच्यापुढे दुकान कसं देखणं दिसलं पाहिजे."

हॉटेलवाल्या बाई म्हणजे आमची शेवटची आशा. नवं हॉटेल बांधत होत्या, चाळीस खोल्यांचं. चाळीस खोल्या म्हणजे चाळीस बाथरूमं. ती ऑर्डर आली की एजन्सी राहिली, दुकान राहिलं आणि मेहुणा जिथल्या तिथे राहिला.

त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात कालवत होतं. मोठं गिऱ्हाईक यायचं असलं की माझं पोट माझं राहत नाही. त्या अकराला येणार होत्या, म्हणून वेळ बघून मी सात नंबर गाठला. दार लोटलं, बसलो, जरा बरं वाटलं. हातात कंपनीचा कॅटलॉग होता, तो चाळू लागलो.

आणि दार उघडलं.

दारात हॉटेलवाल्या बाई उभ्या होत्या. ठरल्या वेळेआधी आल्या होत्या, तेही पार्किंगच्या दाराने. त्यांच्या मागे काठी टेकत एक वयस्कर गृहस्थ उभे होते. ते त्यांचे सासरे, हे मला नंतर कळलं.

आता दुसरा कुणी असता तर किंचाळला असता. पण मी विक्रेता आहे. मी कॅटलॉग उघडून मांडीवर पसरला आणि म्हणालो, "या, या. हा आमचा सगळ्यात वरचा सेट."

बाई कॅटलॉगकडे बघत राहिल्या.

"मी बसूनच दाखवतो," मी म्हणालो. "उभ्याने काय कळतंय? बैठक बघा, पाठ कशी ताठ राहते."

"तुम्ही... म्हणजे हे..." बाई पुढे काय म्हणणार होत्या कोण जाणे. मागून सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं.

"सूनबाई, हे चालू दिसतंय. यांचं झालं की मी जातो."

इथे हो म्हटलं तर चाळीस बाथरूमांची ऑर्डर देणाऱ्या बाईंनी मला कुठल्या अवस्थेत बघितलं, हे कायमचं ठरून जाणार होतं. मी हसलो.

"छे, छे. हा नुसता दाखवायचा आहे. याला पाणीच जोडलेलं नाही."

"मग खरं कुठाय?" सासऱ्यांचा आवाज जरा घाईचा होता.

"शेवटचं दार," माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

ते काठी टेकत तुरुतुरु गेले. पार्किंगकडून आले होते. त्यांचं शेवटचं दार म्हणजे एक नंबर. हे मला कळलं तेव्हा काठीचा आवाज बराच लांब गेला होता आणि मी उठून धावण्याच्या स्थितीत नव्हतो.

बाई मात्र तिथेच उभ्या. सासरे येईपर्यंत त्यांना थांबणं भाग होतं आणि त्या समोर आहेत तोवर मला बसणं भाग होतं. दोघांचीही पंचाईत. शेवटी त्यांनी सभ्यपणे विचारलं, "सफाईला कसा आहे?"

"उत्तम. पाणीसुद्धा कमी लागतं."

"फ्लशचा आवाज होतो का? आमच्याकडे लोक झोपलेले असतात."

"अजिबात नाही. कळतसुद्धा नाही."

"किती माणसांचं वजन पेलतो?"

"एका वेळी एकच बसतो, बाई."

असं म्हणताना, थोडं ऐटीत दिसावं म्हणून, मी पुढे झुकलो. आणि सेन्सरला वाटलं मी उठलो. खालून असा काही धबधबा कोसळला की कॅटलॉगची पानं फडफडली. बाई दोन पावलं मागे सरल्या. पाणी बराच वेळ वाहत होतं. महाग मॉडेल आहे, भरपूर सोडतं.

सगळं शांत झाल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "पाणी जोडलेलं नाही ना?"

मी म्हणालो, "आत्ताच जोडलं असावं."

त्यांनी दार अलगद लोटून घेतलं. इतक्या अलगद की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हात धुऊन, केस सारखे करून मी बाहेर आलो तेव्हा सासरे गल्ल्यापाशी खुर्चीत मान खाली घालून बसले होते. बायको मला बघून कपाळावर आठ्या घालत होती. मावशी रिकामी बादली घेऊन एक नंबरच्या दारात उभ्या होत्या. कुणाला काही विचारायची गरजच नव्हती.

"साबण होता, टॉवेल होता, कागद होता," सासरे पुटपुटले. "मला कसं कळणार हो?"

"तुमची काही चूक नाही, मामंजी," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तो एक नंबरचा सेट आम्ही घेतो. मामंजी ऐकत नाहीत. वापरलं ते तसंच टाकून जायचं नाही, म्हणतात."

मी अंदाज घेतला. एकाने सुरुवात होते, मग बाकीचे येतात. धंद्यात असंच असतं.

"आणि उरलेले एकोणचाळीस कधी पाठवू?"

बाईंनी आधी त्या सात दारांकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्या दुकानात एकच खरं आहे," त्या म्हणाल्या, "आणि ते गरजेच्या वेळी म्हाताऱ्या माणसाला सापडलं नाही. माझ्याकडे चाळीस असणार आहेत. तुमच्या भरवशावर कशी लावू?"

मी बायकोकडे बघितलं. तिच्याकडे उत्तर होतं, पण तिने ते घरी जाईपर्यंत राखून ठेवलं.

मी एका कमोडचं, एका बेसिनचं आणि एका आरशाचं बिल केलं आणि सासऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, आकडा नीट वाचला आणि मघाची शरम जरा बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं.

"थोडे कमी करा की," ते म्हणाले. "वापरलेला आहे."

मी दहा टक्के कमी केले. वापरलेला नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?