सलीमभाईंचा नंबर

फोनमधल्या रेकॉर्ड केलेल्या बाईशी भांडणारा माणूस घाटंजीत मी एकच पाहिला. सलीमभाई. माझ्या वह्यापुस्तकांच्या दुकानाला लागून त्यांचं विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान. बाई म्हणायची, “नव्या योजनेसाठी एक दाबा.” सलीमभाई हातातलं काम ठेवून सांगायचे, “नाई पायजे, बाई. तुमी कायले तकलीफ घेता?” मग माझ्याकडे वळून, “फोन मी इकत घेतला. हवा का कंपनीच्या बापाची हाय?”

एकदा तेलकट बोटानं चुकून एक दाबला गेलाच. झालं! त्यांना फोन लावणाऱ्याला प्रेमाचं गाणं ऐकू येऊ लागलं. दोन दिवसांनी एक शेतकरी, मारोतराव, सायकल हाणत आले. “भाई, मोटर जळली, कपाशी सुकून राह्यली, अन् तुमी गाणे कायले ऐकवता?” ते गाणं बंद करायला सलीमभाईंना त्याच बाईच्या नाकदुऱ्या काढाव्या लागल्या.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्याच्या पुढच्या साली कंपनीनं नियम काढला: दर महिन्याला रिचार्ज मारा, नाहीतर येणारे फोनही बंद. “आता आयकाचेही पैसे? नाई देत!” सलीमभाई अडून बसले. काही महिन्यांनी नंबरच बंद पडला.

मला वाटलं, सुटले एकदाचे. पण दुसऱ्या दिवशी ते दुकानाला कुलूप लावून माझ्यापुढे उभे. “भाऊ, यवतमाळले चाल. मले अर्ज लिहून दे.”

यवतमाळच्या ऑफिसात काउंटरवरची मुलगी गोड बोलली. “काका, तो नंबर सोडा. नवा फुकट देते.”

सलीमभाईंनी चक्क हात जोडले. “बेटी, तोच पायजे. माह्या युसुफले तेवढाच पाठ हाय.”

युसुफ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, हे मला परतीच्या एसटीत कळलं. मी शेजारी यायच्या आधीची गोष्ट. एक मोटर जाळली म्हणून सलीमभाईंनी त्याला गिऱ्हाइकांदेखत थापड मारली. त्याच संध्याकाळी तो घर सोडून गेला.

“त्यानं कदी फोन लावला अन् दुसऱ्याच कोनी उचलला,” सलीमभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तं त्याले वाटन, भावानं नंबरही तोडला.”

चार दिवसांनी नंबर परत मिळाला. सलीमभाईंनी वर्षभराचा रिचार्ज मारला.

युसुफचा फोन अजून आलेला नाही. अनोळखी नंबर दिसला की सलीमभाई हात पुसतात, घसा साफ करतात आणि अगदी हळू आवाजात म्हणतात, “हाव, बोल.”