संत्र्याच्या वासाची गोळी

दहा तासांचा कडकडीत उपास.

दर दोन मिनिटांनी एक माणूस.

विरमगामच्या वेलजीच्या उजव्या हाताची शीर पहिल्या टोचणीत सापडते.

जीभ वर. आता डावा गाल. आता उजवा.

चाचण्या आखणाऱ्या पिनाकिन दलालांचं कंत्राट उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी संपतं. वय चोपन्न.

आणि पडद्यावर एक आलेख, ज्याला चढ नव्हता.

सरखेजच्या औषध-चाचणी केंद्रात नवी गोळी जुन्या, नावाजलेल्या गोळीसारखीच रक्तात उतरते का, ते तपासत. अठ्ठावीस माणसं; एका आठवड्यात एक गोळी, पुढच्या आठवड्यात दुसरी, आणि मग दिवसभर रक्त. औषधानं हळूहळू चढावं, दीड तासाला शिखर गाठावं आणि उतरावं, अशी रीत. सतरा नंबरच्या, म्हणजे वेलजीच्या रक्तात नव्या गोळीचं शिखर पहिल्याच नमुन्यात होतं, अर्ध्या तासाला. पुढे नुसता उतार. औषध चढलं कधी, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"काढून टाका त्याला," केंद्राचे प्रमुख त्रिवेदीसाहेब म्हणाले. "नियम तुमचाच आहे ना?"

त्यांचाच होता. पहिल्याच नमुन्यात शिखर आलं तर तो माणूस बाद, असं पिनाकिनभाईंनीच चाचणीआधी लिहून ठेवलं होतं. लिहिताना ते वाक्य फार रुबाबदार वाटलं होतं. आता त्यातलं टिंबही बदलता येत नव्हतं.

"किमान चोवीस लागतात, साहेब."

"अठ्ठावीस आहेत. चार गेले तरी काय बिघडतं?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाच गेले. चहापर्यंत अकरा. सगळे नव्या गोळीवरच.

"उरले सतरा," पिनाकिनभाई म्हणाले.

"सतरा जणांसाठी आमच्याकडे आचारीसुद्धा येत नाही." साहेबांनी चष्मा काढला. "दहा मिनिटांचा नमुना असता तर निदान चढ तरी दिसला असता. तो कुठंय?"

"मी यादीतून वगळला."

"का पण?"

"नर्सिंगच्या दक्षाबेन म्हणाल्या, दर दोन मिनिटांनी एकेकाला गोळी द्यायची आणि त्यातच सुया टोचायच्या, तर आम्हाला आणखी दोन हात लावून द्या."

"मग द्यायचे होते लावून! अहवाल उत्तरायणाआधी जायचाय. कारण शोधा. नाहीतर तुम्हाला आराम देतो, कायमचा."

पिनाकिनभाईंनी आधी यंत्रावर संशय घेतला. नमुने पुन्हा तपासले. शिखर जागचं हललं नाही. मग घड्याळांवर. सगळी सेकंदाला सेकंद जुळली. मग दक्षाबेनवर.

"गोळी देताना काही गडबड?"

"कसली गडबड? टॉर्च मारून एकेकाचं तोंड पाहिलं. जुनी गोळी कधी गालात सापडते, कधी जिभेखाली. नव्या गोळीला मात्र अशी लख्ख तोंडं, भाई, की काय सांगू! माझ्या घरी तर एकाचंही नाही. सगळे तंबाखूचा मावा खातात."

पिनाकिनभाईंनी वेलजीला बोलावून घेतलं.

वेलजी नवा शर्ट घालून आला. "साहेब, तीच गोळी असेल तर आजच भरती करा."

"तीच म्हणजे?"

"संत्र्याची! जुनी कडूजहर, पाण्यानं ढकलली आत. पण रात्रीपासून पोटात कण नाही, आणि सकाळी सकाळी जिभेवर संत्रं. मग काय करणार माणूस?"

"काय केलंस?"

"चावली. चघळलीच असती निवांत, पण बेन टॉर्च घेऊन डोक्यावर उभी."

"आणि बाकीचे?"

"माझ्या बाजूच्या पलंगावरच्यानं चावली, वास आला, म्हणून मी. माझा वास पुढच्याला गेला असेल." त्यानं बोटं मोजली. "दोन आठवडे मिळून असू दहा-अकरा जण. एक विचारू? लिंबाची पण काढणार आहेत का?"

पिनाकिनभाई अहवाल लिहायला बसले. गोळ्या चावल्या गेल्या, म्हणून औषध झटकन रक्तात चढलं. चाचणी पुन्हा करावी. या खेपेला दहा मिनिटांचा नमुना घ्यावा आणि गोळी अख्खी गिळण्याची सूचना प्रत्येकाला तोंडी द्यावी. इथवर पेन सरळ चाललं. मग साहेबांनी आखून दिलेला शेवटचा रकाना आला: जबाबदार व्यक्ती.

पेन थांबलं. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर पतंग कापला गेला आणि आरडाओरडा झाला.

त्यांनी लिहिलं, दक्षाबेन मकवाणा.

कंत्राट एका वर्षानं वाढलं. दक्षाबेनची रवानगी तळघरात, जुन्या फायलींवर झाली. जाताना त्या म्हणाल्या, "जाऊ दे भाई, तिथं टॉर्च तरी कामाला येईल." पिनाकिनभाईंना त्या वर्षी उत्तरायणाच्या जेवणातलं उंधियू गोड लागलं नाही.

चाचणीच्या पहिल्या सकाळी सात वाजता, दक्षाबेन पेल्यांत पाणी मोजून ओतत असताना, पहिल्या नंबरच्या माणसानं नवी गोळी हातात धरून विचारलं होतं, "साहेब, चावायची की गिळायची?" आणि घड्याळावरची नजर न काढता पिनाकिनभाई म्हणाले होते, "फावेल तशी घे, पण लवकर."