बूट बरोबर, पाय चुकीचा

पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचण्याचे काम करणाऱ्या एका बाईंना, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मापाचे बूट हवे होते. मागणी साधी होती. हे सुरुवातीलाच नमूद करणे आवश्यक आहे, कारण पुढे या मागणीपायी दोन समित्या, एक यंत्र आणि एक फॅशन खर्ची पडली.

बाई दिवसाला सत्तर जिने चढत आणि तितकेच उतरत. एकोणीस वर्षे हे केल्यावर त्यांची पावले पंखा उघडावा तशी पुढून पसरली होती, आणि उजवे पाऊल डाव्यापेक्षा अर्ध्या मापाने पुढे गेले होते. दोन वर्षांपूर्वी, फेरी लवकर उरकावी म्हणून, त्या दोन इमारतींमधले अंतर पळत कापू लागल्या. पळणाऱ्या माणसाला कुणी थांबवून 'आमचं बिल एवढं का आलं' असे विचारत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. हे सुख नवीन होते. मग त्या पहाटे तलावाच्या बांधावर पळू लागल्या. आधी एक फेरी, मग तीन, मग सहा. सहा फेऱ्या म्हणजे अठरा किलोमीटर.

"पळून पळून जाणार कुठे?" सासूबाई विचारत. "शेवटी घरीच येणार ना? मग बसूनच राहावं."

नवरा शिंपी होता. पुढच्या खोलीत त्याचे मशीन होते आणि तो दिवसभर दुसऱ्यांच्या खांद्यांचा विचार करत असे. तो एवढेच म्हणाला, "अगं, तुझ्या बुटाचा तळ गेलाय. परवा तुझ्या पावलाचा ठसा उमटला होता फरशीवर. बूट घालून!"

खरेच होते. कॅनव्हासच्या त्या बुटांतून रस्त्यावरचा खडान् खडा वाचता येई. उजव्या करंगळीचे नख काळे पडून गळाले होते आणि दुसरे यायला कचरत होते.

याच सुमारास खात्याच्या मोठ्या साहेबांना डॉक्टरांनी चालायला सांगितले, त्यामुळे खात्याने पळायचे ठरवले. फिरत्या पर्यवेक्षकाचे पद रिकामे होते. परिपत्रक निघाले की, या पदासाठी एकवीस किलोमीटरचे अंतर तीन तासांत पळून पूर्ण करणे आवश्यक राहील. बाईंनी परिपत्रक दोनदा वाचले. एकोणीस वर्षांत खात्याने प्रथमच असे काही मागितले होते, जे त्यांच्याकडे आधीपासून होते.

अट क्रमांक सात मात्र खाली, बारीक अक्षरांत होती : 'उमेदवाराने सोबतच्या यादीतील प्रमाणित पादत्राण परिधान करणे बंधनकारक आहे.' यादीत एकाच कंपनीचे तीन बूट होते. यादी कशी तयार झाली, हे यादीत नव्हते.

बाई आस्थापना विभागाच्या कारकुनाकडे गेल्या. कारकून खुर्चीत असे बसत की खुर्ची आणि ते यांतले आधी कोण आले हे सांगणे कठीण व्हावे.

"साहेब, मी साध्या कॅनव्हासच्या बुटांत अठरा किलोमीटर पळते."

"पळत असाल," कारकून म्हणाले. "पण ते खासगीत. खात्याला माहीत असल्याशिवाय पळणं ग्राह्य कसं धरणार? बूट घ्या. अर्धी किंमत खातं देईल. हा अर्ज भरा."

अर्जात 'पायाचे माप' या मथळ्यापुढे एकच चौकट होती. बाईंनी प्रामाणिकपणे त्यात लिहिले, 'डावा सात, उजवा साडेसात.' अर्ज चार दिवसांनी परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता : 'अर्जदाराने दोहोंपैकी एक पाय निश्चित करून कळवावे.'

"दोन्ही पाय माझेच आहेत," बाई म्हणाल्या.

"असं तुम्ही म्हणता. कागदावर एकच जागा आहे. उद्या प्रत्येक जण दोन-दोन पाय घेऊन आला, तर खातं चालेल कसं?"

बाईंनी विचार केला. डावा पाय कमी दुखायचा, म्हणजे त्यातल्या त्यात शिस्तीचा. त्यांनी 'सात' लिहिले. डाव्या पायाला मंजुरी मिळाली. बिलावरचे माप मंजुरीशी जुळले नाही तर रक्कम मिळणार नाही, हेही सोबत कळवण्यात आले.

बुटांचे दुकान काचेचे होते. आत एक पळण्याचा पट्टा, त्याच्यामागे कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे पाऊलतज्ज्ञ उभा होता. सहा महिन्यांपूर्वी तो समोरच्या गाद्यांच्या दुकानात पाठतज्ज्ञ होता. त्याने बाईंना पट्ट्यावर पळायला लावले, पडद्यावर त्यांच्या पावलांचे लाल-हिरवे नकाशे उमटले, आणि तो बराच वेळ दुःखी चेहऱ्याने त्या नकाशांकडे पाहत राहिला.

"काय झालं?" बाईंनी घाबरून विचारले.

"बूट बरोबर आहे," तो म्हणाला. "पाय चुकीचा आहे."

"पुढून आवळतोय. याहून रुंद नाही का?"

"रुंद पुरुषांत येतो. बायकांचे पाय रुंद नसतात."

"माझे आहेत."

"तेच तर मशीन सांगतंय." तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना, बाई? तुम्ही आधीच पसरून बसलात."

पुरुषांचा बूट घालून पाहिला तर बोटे सुखावली, पण टाच आत लोलकासारखी हलू लागली. बाईंनी मागच्या वर्षीच्या बुटांबद्दल विचारले. ते स्वस्त होते, बऱ्यापैकी रुंदही होते. पण ते मागच्या वर्षीच्या यादीत होते आणि मागच्या वर्षी यादीच नव्हती.

"बरं, हा जोड टिकेल किती?" बाईंनी शेवटी विचारले.

"सातशे किलोमीटर."

"म्हणजे जेमतेम चाळीस दिवस."

तज्ज्ञाने प्रथमच त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. "तुम्ही खरंच पळता की काय? आमची गिऱ्हाइकं पळत नाहीत हो. त्यांना एकच जोड जन्मभर पुरतो, तरी ती दरवर्षी नेतात."

"आणि तुम्ही?"

"माझा गुडघा दुखतो," तो म्हणाला, आणि त्याने खोके बांधायला घेतले.

बाईंनी सात मापाचा जोड घेतला. महिन्याच्या पगारातला मोठा लचका गेला. दुसऱ्या दिवशी त्या बांधावर पळाल्या. तिसऱ्या फेरीला उजव्या पायाची आग आग होऊ लागली, चौथ्या फेरीला मोजा ओला लागला. त्यांनी थांबून पाहिले, तर ते पाणी नव्हते. उरलेले अंतर त्या एक बूट हातात घेऊन चालत आल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. एकोणीस वर्षांत त्या थकून बसल्या होत्या, रागावून बसल्या होत्या, पण आपल्याच पायाची लाज वाटून बसायची ही पहिलीच वेळ होती.

"जन्मापासून असाच आहे का हो माझा पाय?" त्यांनी नवऱ्याला विचारले.

नवऱ्याने बूट उलटासुलटा करून पाहिला. "कोट दंडात आवळला तर आम्ही गिऱ्हाइकाचा दंड कापत नाही," तो म्हणाला. त्याने पाते घेतले, उजव्या बुटाला करंगळीच्या बाजूने दोन इंचांची चीर दिली आणि तिच्यात ताणल्या जाणाऱ्या कापडाची एक कळी बसवली. कापड नारिंगी होते, कारण घरात तेवढेच होते. "घाल आता."

बाईंनी घातला. करंगळी हळूच बाहेर सरकली आणि आपल्या जागी जाऊन बसली. त्या दिवशी बाई दाराबाहेर पडल्या त्या पळतच.

स्पर्धेच्या दिवशी मोठ्या साहेबांनी हिरवा झेंडा दाखवला आणि ते गाडीत बसून शेवटच्या रेषेकडे गेले. बाईंनी एकवीस किलोमीटर दोन तास बारा मिनिटांत पूर्ण केले. एकूण चौतीस उमेदवारांत त्या तिसऱ्या आणि बायकांत पहिल्या. रेषेवर पादत्राण तपासणी समिती उभी होती. समितीने पळणे पाहिले नाही, कारण ते तिच्या कार्यकक्षेत येत नव्हते. पाचही सदस्य वाकले आणि त्यांना नारिंगी कळी दिसली.

"पादत्राणात अनधिकृत फेरफार," अध्यक्ष म्हणाले. "उमेदवार अपात्र."

"पण मी पळाले की नाही?" बाईंचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

"पळालात. पण कशात पळालात?"

कारकून समितीचे सचिव होते. त्यांनी नोंद करता करता आपुलकीने सांगितले, "पायातली वहाण पायातच बरी असते, बाई. तिच्यात असं डोकं घालू नये."

गोष्ट इथेच संपायची. पण पाच अधिकारी एका बाईच्या पायाशी वाकले आहेत, असे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले आणि ते हौशी धावक मंडळाच्या कप्तानाच्या नजरेस पडले. मंडळाचे सभासद आठवड्यातून एकदा पळत आणि सहा दिवस त्याबद्दल बोलत. मीटर वाचणारी बाई तिसरी येते, म्हणजे रहस्य चिरेत असले पाहिजे, असा कप्तानाने निष्कर्ष काढला. त्याने 'पायाला मोकळा श्वास' या विषयावर दीड तास भाषण दिले. आठवड्याभरात सभासद आपापल्या कोऱ्या बुटांना चिरा पाडून घेऊ लागले. अनेकांची पावले अरुंद होती, तेव्हा चिरेतून काहीच बाहेर येईना. त्यांनी मोजे नारिंगी घेतले.

कंपनीने आधी इशारा दिला की चिरलेल्या बुटांची हमी राहणार नाही. तीन महिन्यांनी कंपनीने नारिंगी चिरेसह बूट बाजारात आणला. किंमत दीडपट. चीर बाहेरून दिसत असे आणि आतून शिवून बंद केलेली असे, कारण कंपनीच्या संशोधनानुसार गिऱ्हाइकाला चीर हवी होती, जागा नको होती. खात्याने यादी तातडीने सुधारली. चीर अनिवार्य झाली, म्हणून चिरेविना लागलेला आधीचा निकाल रद्द झाला आणि फेरपरीक्षा जाहीर झाली.

बाई आपला बूट घेऊन पुन्हा आस्थापना विभागात गेल्या. "साहेब, आता चीर चालते ना?"

कारकुनांनी बूट बोटांच्या चिमटीत धरून पाहिला. "कंपनीची चीर चालते. घरी पाडलेल्या चिरेला फाटका बूट म्हणतात."

"चीर आधी माझीच होती."

"मग तुम्ही नोंदवायला हवी होती."

नवा जोड घेणे बाईंना शक्य नव्हते. फेरपरीक्षेत चौदा उमेदवार उतरले आणि नव्या बुटांत पाचव्या किलोमीटरपर्यंत अकरा जण लंगडू लागले. दोघांना झोळीतून आणावे लागले. चौकशीसाठी दुसरी समिती बसली. समितीने आठ बैठकांत, बसूनच, असा अहवाल दिला की, बूट प्रमाणित असल्याने दोष बुटांत असू शकत नाही. सर्व उमेदवारांना त्रास झाला तो पळताना झाला. सबब दोष पळण्यात आहे. पळण्याची अट रद्द करण्यात आली. सुधारित यादीतला प्रमाणित बूट खरेदी केल्याची पावती हीच पात्रता ठरली आणि सर्वांत जुन्या तारखेची पावती ज्याची, त्याला पद देण्यात आले.

ती पावती आस्थापना विभागाच्या कारकुनांची होती. यादी सुधारली त्याच दिवशी, ती टंकायला देण्यापूर्वी, ते दुकानात जाऊन आले होते.

फिरते पर्यवेक्षक झाल्यावर त्यांनी खुर्ची सोबत नेली आणि पहिला आदेश काढला : मीटर वाचक कामाच्या वेळेत पळताना आढळल्यास ते गैरवर्तन समजण्यात येईल. बाईंना त्याची प्रत सही घेऊन देण्यात आली.

"नको मनाला लावून घेऊस," नवरा म्हणाला.

"मनाला नाही हो लावून घेत," बाई म्हणाल्या. "पायाला लागतंय."

पहाटेच्या फेऱ्या त्यांनी सोडल्या नाहीत. आता त्या सात करतात, म्हणजे पुरते एकवीस किलोमीटर. सातशेची मर्यादा केव्हाच ओलांडली आहे, तळ पुन्हा पातळ झाला आहे, आणि हे अंतर कुठल्याही कागदावर नाही. त्यानंतर त्या कामावर येतात आणि आदेशाप्रमाणे चालतात. जिन्याजिन्यांत त्यांना नारिंगी चिरेचे बूट दिसतात. ते उलटून पाहण्याची त्यांना गरज पडत नाही. तळ कोरा असलेला बूट वरूनही ओळखू येतो.

गेल्या महिन्याच्या बावीस तारखेला त्या तुमच्याकडेही येऊन गेल्या. तुमचा मीटर जिन्याखाली, बुटांच्या कपाटामागे आहे. तुम्ही दारात उभे राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता की, पुढच्या महिन्यापासून नक्की पळायला सुरुवात. बाईंनी एकटीने कपाट सरकवले, गुडघ्यावर बसून आकडा लिहून घेतला, कपाट परत जागेवर लावले आणि उजवा पाय किंचित ओढत त्या पायऱ्या चढू लागल्या. वर जायला वेळ लागत होता. तुम्ही फोनवर हात ठेवला आणि त्यांना म्हणालात,

"अहो बाई, जरा पाय उचलत जा की!"