फ्रेंच बाईंची टिकली

इंग्लंडमधल्या लीड्सच्या आमच्या गल्लीत भिडेकाकांइतका स्वच्छ माणूस सापडायचा नाही. सर्जन म्हणून रिटायर झाले, पण ऑपरेशन थिएटर जणू घरीच घेऊन आले. पाहुण्यानं आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच चहा. कुणी कुरकुरलंच तर एकच उत्तर, "इन्फेक्शन कंट्रोल!"

आणि अशा माणसाच्या घरात, वर बाथरूमच्या दाराशेजारी, एक धुळकट चित्र! पन्नासच्या दशकातल्या कुणा फ्रेंच डिझायनरनं काढलेला गाऊन. मूळ चित्राची छापील प्रत, मालतीकाकूंनी जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलेली. मी इथं राहायला आले त्याआधीच काकू गेल्या होत्या. चित्रातल्या बाईंची कंबर मुठीत मावेल एवढी, हातमोजे कोपरापर्यंत (काकांना पसंत पडण्याजोगे), आणि चेहऱ्याला नाक ना डोळे. फक्त कपाळाच्या जागी, काचेवर, एक मरून टिकली.

"काका, फ्रेंच बाईला टिकली?"

"तुला फॅशन कळत नाही. आणि काचेला हात लावायचा नाही."

गेल्या शनिवारी त्यांचा फोन आला, "लगेच ये." आवाज ऐकून मी घरातल्या स्लिपर्सवरच धावले. त्यांची मुलगी ऋचा लंडनच्या एजवेअरहून आली होती. तिनं मोठ्या प्रेमानं काच लख्ख पुसली होती, शिवाय कार्पेटवर हूवर, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरही फिरवला होता. टिकली गायब!

काका गुडघे टेकून बसले होते. हूवरमधला कचरा वर्तमानपत्रावर ओतून ग्लोव्हजशिवाय चिवडत होते. मला तर भीतीच वाटली.

"बाबा, सॉरी ना," ऋचा रडकुंडीला आली होती. "मला वाटला डाग आहे. आपण नवीन पॅकेट आणू."

"नवीन नको."

मीही कार्पेट चाचपू लागले. शेवटी ऋचा दमून पाय दुमडून बसली, आणि टिकली तिच्याच मोज्याच्या टाचेला दिसली! मी ओरडलेच. काकांनी ती अलगद सोडवली. तिघांचाही जीव भांड्यात पडला.

"मालती आंघोळीला जाताना इथं लावायची," काका म्हणाले. "बाथरूमचा आरसा घाण होतो म्हणून मीच ओरडायचो ना. ॲम्ब्युलन्स आली त्या दिवशी म्हणाली, राहू दे तिथंच, घरी आल्यावर लावते."

थेंबभर ग्लू लावून त्यांनी टिकली पुन्हा चिकटवली. जरा वाकडीच बसली.

"चालेल. तीही वाकडीच लावायची." मग आमच्यावर डाफरले, "जा, हात धुवा दोघी. इन्फेक्शन कंट्रोल!"

स्वतः मात्र तिथंच उभे राहिले आणि त्याच धुळीच्या हातांनी डोळे पुसले.