मधूभाऊंचं पिवळं कलिंगड

"उतरा! खाली उतरा! तिकडे गाडी जात नाही!"

रविवारी सकाळी साडेसहाला हा आवाज ऐकून मी गॅलरीत धावलो. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, गास गावाच्या वाटेवरच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. मला वाटलं, खाली एखादी बस रुतली. पाहतो तर मागच्या वाडीत लेंगा-बनियनमधला एक उंच म्हातारा कलिंगडाच्या वेलाला दटावत होता. वेल मांडव सोडून शेजारच्या कुंपणावर चढला होता, आणि म्हाताऱ्याला ते मुळीच मान्य नव्हतं.

हे मधूभाऊ राऊत. एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि डेपोत गाड्या सोडणारे कंट्रोलर होऊन निवृत्त झाले. त्यांचा आवाज मात्र अजून ड्युटीवर होता. आमच्या चारही मजल्यांवर सकाळी गजर लावायची गरज पडत नसे.

वाडीत केळी होत्या, पानवेली होत्या, नारळ होते. त्या सगळ्याकडे त्यांच्या पत्नी कुंदावहिनी बघत. मधूभाऊंचं राज्य मागच्या कुंपणालगतच्या चार वाफ्यांवर. अर्नाळ्याहून आणलेलं मासेमारीचं जुनं जाळं त्यांनी बांबूंवर ताणलं होतं. त्यावर कलिंगडाचे वेल चढत आणि नारळाएवढी फळं जाळ्याच्याच तुकड्यांच्या झोळीत लोंबत. वरून साधी हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची, पण कापलं की आत हळदीसारखं पिवळंधमक. बी पहिल्यांदा जहाजावर काम करणाऱ्या एका गाववाल्याने तैवानहून आणलं होतं.

प्रत्येक फळाच्या देठाला पुठ्ठ्याचं एक तिकीट बांधलेलं असे. फळ धरलं की तिकीट लागायचं, आणि मधूभाऊ रोज सकाळी आपला जुना पंच घेऊन प्रत्येक तिकिटाला एक भोक पाडायचे. चौतीस भोकं झाली की फळाचा प्रवास संपला. त्याआधी कोणी टिचकी मारून पिकलंय का बघू लागला, तर ते म्हणत, "मधल्या स्टॉपवर उतरवत नाही." फुलांचं काम तर ते स्वतःच करत. नर फूल खुडायचं आणि सकाळी सातच्या आत मादी फुलाला टेकवायचं.

"हे काम मधमाश्या करतात की," मी शहाणपणाने म्हणालो.

"मधमाश्यांना ड्युटी लावता येत नाही," ते म्हणाले.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे शब्द. "जेवढं बोललो तेवढं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही." एकदा डेपोत एका आजीबाईंना ते म्हणाले होते, "तुम्ही आल्याशिवाय गाडी सोडत नाही." आजीबाई कोणाच्या तरी रिक्षात बसून परस्पर घरी गेल्या आणि इकडे गाडी पाऊण तास उभी. साहेबांनी मेमो दिला. मधूभाऊंनी तो फ्रेम करून भिंतीला लावला. माझ्या बायकोला ते एकदा म्हणाले होते, बुधवारी फळ देतो. बुधवारी अंगात ताप सणसणत होता तरी कांबळं पांघरून दोन जिने चढून आले.

ते फळ बायकोने कापलं आणि हळहळली, "अगं बाई, कच्चंच निघालं!" मला ते परत करायला पाठवलं. मधूभाऊ मुळीच रागावले नाहीत. माझ्यासमोर फोड धरून म्हणाले, "डोळे मिटा." मी मिटले. इतकं गोड कलिंगड मी त्याआधी खाल्लं नव्हतं, आणि त्यानंतरही फक्त त्यांच्याच वाडीतलं खाल्लं. "दोन वर्षं लाल लावलं होतं," ते म्हणाले, "एक फळ मुलांनी ठेवलं नाही. आता चोरतात, कापतात, कच्चं म्हणून गटारात टाकतात, परत येत नाहीत. जिथे पोचायला पाहिजे तिथे पोचतं." कुठे पोचायला पाहिजे, ते त्यांनी सांगितलं नाही.

ते आम्हाला चोर पकडताना कळलं. दुपारी कुंपणापलीकडून डोक्याला रुमाल बांधलेल्या एक वयस्क बाई येत. पलीकडे लोंबणाऱ्या फळाचं तिकीट हातात घेऊन भोकं मोजत. चौतीस भरली असतील तर फळ घेऊन जात, नाहीतर झोळी सारखी करून परत फिरत. आम्ही नवे, उत्साही शेजारी. मी जाऊन चुगली केली. मधूभाऊ लालबुंद झाले. "पलीकडे लोंबलं ते पलीकडच्यांचं! वाडीचा कायदा आहे. तुम्हाला पाळत ठेवायला कोणी सांगितलं?"

मग कुंदावहिनींनी माझ्या बायकोला विहिरीवर सगळं सांगितलं. त्या बाई म्हणजे मधूभाऊंची थोरली बहीण लीला. घरात तिला बाय म्हणत. चाळीस वर्षांपूर्वी तिने शेजारच्या वाडीतल्या आंतोनशी चर्चमध्ये लग्न केलं. सासर किती लांब? पंचवीस पावलं. पण वडिलांनी मधूभाऊंकडून शब्द घेतला, ह्या कुंपणापलीकडे पाय टाकणार नाहीस. वडील जाऊनही तीस वर्षं झाली, शब्द जागेवर होता. आंतोन वारले तेव्हा मधूभाऊ सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुंपणाशी उभे होते. माणसं आली, प्रार्थना झाली, मयत उचलली, ते अलीकडेच.

हे ऐकल्यावर मी एक दिवस मुद्दाम साडेपाचला उठलो. मधूभाऊ वाडीत होतेच. मांडवावरचा एकेक कोवळा शेंडा ते अलगद उचलत होते, कुंपणावरून पलीकडे वळवत होते आणि हात लांबवून सुतळीने बांधत होते. पायाचा शब्द दिलेला होता, हाताचं काही बोलणं झालं नव्हतं. काम संपवून ते तोंड धुवून आले आणि बरोबर साडेसहाला सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "तिकडे कुठे चाललात? उतरा!" मी गॅलरीत एकटाच हसत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. असा माणूस माझ्या शेजारी राहतो याचा मला फार अभिमान वाटला.

पुढच्या मार्चमध्ये बाय विहिरीवर घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं. पलीकडच्या फळांची चौतीस भोकं भरली, पस्तीस झाली, छत्तीस झाली, न्यायला कोणी येईना. दुपारी तीनला आमची बेल वाजली. दारात मधूभाऊ, माझ्या बायकोला विचारत होते,

"वहिनी, तुमच्या गॅलरीतून तिचं मागलं दार दिसतं ना?"

चार दिवस ते रोज येऊन गॅलरीत उभे राहिले. कुंदावहिनी पलीकडे जाऊन आल्या होत्या, तब्येत सांगत होत्या. "सुनेला पाठवून फळं मागवता आली असती तिला," मधूभाऊ मला म्हणाले, "मागवली नाहीत. आता नकोच असतील. या वयात मोडलेलं हाड... ती अशीच गेली तर?"

पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला आरडाओरडा झाला नाही. ठकठक ऐकू आली. मी खाली उतरलो. मधूभाऊ पहार घेऊन कुंपणाचे खांब उपटत होते. तार गुंडाळून बाजूला ठेवली होती. वेल आणि फळं सांभाळून जमिनीवर उतरवली होती.

"बाबा म्हणाले होते, ह्या कुंपणापलीकडे," धापा टाकत ते म्हणाले. "आता कुंपणच नाही. मग पलीकडे कुठलं?"

"मधूभाऊ," मी म्हणालो, "हे चाळीस वर्षांत सुचलं नाही तुम्हाला?"

"पहिल्याच वर्षी सुचलं होतं." त्यांनी पहार खाली ठेवली. "शब्दाच्या आड लपलो होतो हो मी. तिचं आणि आंतोनचं बाबांना कोणी सांगितलं, माहितीये? मी. वीस वर्षांचा घोडा होतो, लहान होतो असंही म्हणता येत नाही. बाबांनी तिला काठीने मारलं. मी दारात उभा होतो." मग माझा दंड धरून म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. एकट्याला जमायचं नाही."

त्यांनी एक कलिंगड उचललं. उपटलेल्या खांबांच्या खड्ड्यांपाशी ते क्षणभर थांबले, मग गेले. मी मागोमाग.

दार उघडंच होतं. बाय खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. मधूभाऊ दोन्ही हातांत फळ धरून उभे राहिले.

"मध्या, उभा का? बस," ती म्हणाली.

"बाय... बाबांना मी सांगितलेलं."

"ठाऊक हाय. तुज्याशिवाय कोनी पायलंच नव्हतं."

"चाळीस वर्सं ठाऊक हाय?" मधूभाऊ घरच्या बोलीवर आले होते. "मग माजी फळं का नेलीस?"



"नेली नसती, तर दुसऱ्या वर्साला येल लावला असतास का तू?"

मधूभाऊ खाटेशी जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. तिने हात खाली सोडून त्यांच्या डोक्यावर ठेवला. कलिंगड त्यांच्या मांडीवरून घरंगळेल असं वाटलं, म्हणून मी ते हळूच उचललं आणि सुरी शोधायला आत स्वयंपाकघरात गेलो.